उतरती रेघ

"सुपर्णा, तू माझं सर्वस्व आहेस," असं माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाला, आणि मी उठून त्याच्या डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

आवाज निशिकांतचाच होता. म्हणजे त्याच्या जुन्या व्याख्यानांवरून यंत्राने तयार केलेला. थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. पण मी रेडिओवर निवेदिका म्हणून आयुष्य काढलंय. आवाज कुणाचा आणि वाक्य कुणाचं, हे मला झोपेतही वेगळं ओळखता येतं. माझ्याबद्दल फारच भरून आलं की निशी "जेवलीस का?" म्हणायचा. अगदीच गहिवरला तर "छत्री घेतलीस ना?" सर्वस्व हा शब्द त्याच्या तोंडी मी तेव्हा प्रथमच ऐकला, आणि तो उच्चारताना त्याचं लक्ष खिडकीवर बसलेल्या कावळ्याकडे होतं.

निशी रत्नागिरीत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीत त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. बोलायचे तर गेलेच, ऐकलेल्या शब्दांचा अर्थही बहुतेक गेला. वाचाघात म्हणतात याला. माणूस जागा असतो, हुशारी शाबूत असते, पण समोरचा बोलतो ते त्याला परक्या मुलखातल्या बाजारासारखं ऐकू येतं. हो आणि नाहीचीही अदलाबदल झाली होती. पाणी हवं असताना तो मान नकारार्थी हलवायचा आणि मी पेला परत नेला की चिडायचा.

रुबीना काझी ही त्याची वाचा-उपचारतज्ज्ञ. तरुण, बडबडी आणि निशीला 'सर' म्हणणारी, कारण तिच्या भावाला त्याने शिकवलं होतं. तिने एक दिवस सहज त्याच्यापुढे पाटी ठेवली आणि त्यावर एक समीकरण लिहिलं. निशीने डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या आकड्यांत ते सोडवलं. मग रुबीनाने मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं, तर त्याने ते पुसलं आणि तिच्याकडे असं पाहिलं की ती बिचारी उभी राहिली.

"काकू, हे होतं कधीकधी," ती मला म्हणाली. "मेंदूत भाषा आणि गणित शेजारी शेजारी राहतात, पण घरं वेगळी. एक जळालं म्हणून दुसरं जळतंच असं नाही. सरांचं गणिताचं घर उभं आहे."

"उपयोग काय त्याचा?" मी म्हटलं. "माझं त्या घरी जाणंयेणं नाही."

खरंच नव्हतं. निशी कित्येक वर्षं आमच्या पडवीत रविवारी दुपारी एक वर्ग घ्यायचा, 'भौतिकशास्त्राला पुरेल इतकं गणित' या नावाचा. कुणीही यावं. बँकेतले एक साहेब यायचे, परिचारिका यायच्या, जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक मिस्त्री यायचे. निशीचं म्हणणं असं, की विश्व कसं चालतं ते समजायला पंडित व्हावं लागत नाही. प्रमाण, आलेख, चढ आणि साठा एवढ्या चार गोष्टी आल्या की सामान्य माणसाला पुष्कळ पुढे जाता येतं. मी सगळ्यांना चहा करून द्यायचे आणि माजघरात येऊन दार लोटून घ्यायचे. त्या चहाचंही ही माणसं काय करायची, तर त्यात तापमापक बुडवून बसायची. माझा चहा आमच्या पडवीत कुणी गरम प्यायलाच नाही.

टोपी आली ती यानंतर. दवाखान्याने चाचणीसाठी दिली. आतून बारीक संवेदक लावलेले, ते मेंदूतल्या विजेच्या हालचाली टिपतात. त्यावरून यंत्राला ढोबळ अंदाज येतो: माणूस खूश आहे की त्रासलेला, समोरच्याला ओळखतो का, काही मागतो आहे का. पण अंदाज म्हणजे वाक्य नव्हे. वाक्य बनवतं ते यंत्राचं दुसरं अंग, ज्याने लाखो लोकांचं बोलणं आणि लिहिणं वाचून ठेवलंय. अशा वेळी, अशा माणसाजवळ, लोक साधारण काय म्हणतात ते त्याला पाठ असतं. मधल्या जागा ते भरतं.

"यातलं निशीचं किती आणि भरलेलं किती?" मी रुबीनाला विचारलं होतं.

"ते टोपी सांगत नाही, काकू."

आमच्या शाल्मलीला मात्र ते विचारावंसंच वाटलं नाही, आणि मी तिला दोष देत नाही. शाल्मली आमची एकुलती एक. लहानपणी पडवीतल्या वर्गात बापाच्या मांडीवर बसून आलेख काढायची. पुढे सगळं सोडून पुण्यात बेकरी काढली. निशी तेव्हा तिला काहीच बोलला नव्हता. रागावला नाही, शाबासकीही दिली नाही, आणि ते न बोलणं तिला फार लागलं होतं. टोपी घातल्यावर पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्याच्या आवाजात वाक्य आलं, "शाल्मली, मला तुझा अभिमान आहे." पोरगी मैद्याच्या हातांनी तोंड झाकून रडली. तेव्हापासून ती रोज सकाळी फोन करायची आणि तिच्यासाठी म्हणून मी रोज सकाळी टोपी चढवायचे.

टोपी चढवणं हे एक कर्मकांडच होतं. केस ओले करायचे, जेल लावायचं, एकेक संवेदक जागेवर बसवायचा. तेवढा वेळ निशीचा चहा बाजूच्या टिपॉयवर ठेवलेला असे. ते आटोपून शाल्मलीचं बोलणं होईपर्यंत त्याच्यावर साय धरे.

एक दिवस कॉल चालू असतानाच निशीने पाटी ओढली. एक उभी रेघ, एक आडवी. मग वर, डावीकडून सुरू करून, खाली घसरत जाणारी एक रेघ. ती त्याने बोटाने ठोकली. माझ्याकडे पाहून पुन्हा ठोकली.

"आई, हे काय काढलंय बाबाने?" शाल्मलीचा आवाज एकदम बारीक झाला.

मला जे दिसलं ते कुणालाही दिसलं असतं. वरून खाली. माझे डोळे भरून आले. ते पाहून निशी त्रासला आणि टोपीने तेवढं हेरलं असणार, कारण त्याच्या आवाजात वाक्य आलं, "मी दिवसेंदिवस खचत चाललोय."

पुढच्या आठवड्यातही तीच रेघ रोज सकाळी पाटीवर आली. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या सुरू केल्या आणि सुचवलं, की आता टोपीऐवजी कायमची चकती बसवून घ्या. कवटीखाली बसते, चोवीस तास बोलते, माणूस एकटा पडत नाही. शाल्मली लगेच तयार झाली. रुबीनाने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "चकती बसली की मेंदू स्वतः शब्द शोधायचा थांबतो. जी वाट वापरात नाही ती बुजते. सरांचे आपले शब्द मग येणार नाहीत."

रुबीनाने आमच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. टोपीशिवाय, निशीने स्वतः आणि अर्थाला धरून उच्चारलेले शब्द ती त्यावर ठिपक्यांनी मांडायची. जितके शब्द तितका ठिपका वर. ठिपके अगदी तळाशी घुटमळत होते. कधी 'पाणी', कधी काहीच नाही. निशी त्या कागदासमोर बराच वेळ उभा राहायचा. तो कागद कशाचा आहे हे त्याला नीट कळलं होतं.

चकतीसाठी त्याची संमती हवी होती. डॉक्टरांनी टोपी घालून विचारलं. टोपी म्हणाली, "हो, मला मनापासून हवी आहे."

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी टोपी चढवल्यावर मी अगदी गोड आवाजात विचारलं, "निशी, आज कारल्याची भाजी करू?"

"हो," त्याचा आवाज म्हणाला. "तुझ्या हातचं कारलं मला फार आवडतं."

मी कारलं केलं. निशीने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने ताट टेबलाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून दिलं. त्याच्या आईने, माझ्या आईने आणि मी, तिघींनी हरून सोडून दिलेला विषय होता हा. मला हसू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली. कारल्याला हो म्हणणारं यंत्र माझ्या नवऱ्याच्या डोक्यात कायमचं बसायला निघालं होतं, आणि त्याला खरंच काय हवंय हे विचारायची माझ्याकडे सोय नव्हती. त्याच्या एकाच घरात दिवा होता, आणि मी आजवर त्या घराच्या दारावरून चहा देऊन परत फिरले होते.

मी पाटी आणि खडू घेऊन त्याच्यासमोर बसले. त्याच्या वर्गातली माणसं बसायची तशी, मांडी घालून. स्वतःकडे बोट दाखवलं, पाटीकडे दाखवलं. निशी माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की मला लाज वाटली.

शब्दाविना शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी त्याने मला स्वयंपाकघरात नेलं. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. दोन वाट्या तांदूळ, चार वाट्या पाणी. हे तर मी जन्मभर करत आले होते! त्याने तेच पाटीवर ठिपक्यांनी मांडलं आणि ठिपके जोडले, तर सरळ रेघ आली. प्रमाण. माझा भात त्या रेघेवर बसला होता.

मग त्याने लिंबू घेतलं. डाव्या हाताने वर उडवलं, ते खाली पडलं, टिपॉयखाली गेलं, मी काढून आणलं. पाटीवर त्याने कमान काढली: आडवी रेघ वेळेची, उभी उंचीची. मी कमानीवर बोट फिरवलं आणि मान डोलावली. "च्!" निशीने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. मला नाही समजलं हे त्याला समजलं होतं. हा 'च्' मी लग्नाआधीपासून ऐकत आलेय. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या कानावर पडलेली ही पहिली अस्सल निशीची गोष्ट होती, आणि मी ती बंदा रुपया मिळाल्यासारखी मनात ठेवून दिली.

त्याने फूटपट्टी घेतली आणि कमानीला हळूच टेकवली. सुरुवातीला पट्टी चांगलीच चढती उभी राहिली. वर सरकवत नेली तशी ती कलत गेली. अगदी टोकाला आडवी झाली. मग दुसरीकडे उतरू लागली. त्याने पुन्हा लिंबू उडवलं आणि ते वर पोचलं त्या क्षणी बोट दाखवलं. तेव्हा मला दिसलं. टोकावर लिंबाची उंची सगळ्यात जास्त, आणि नेमकं तिथेच त्याचं चढणं संपलेलं. 'किती आहे' ही एक गोष्ट आणि 'किती वेगाने बदलतंय' ही वेगळीच गोष्ट. पट्टीचा चढ म्हणजे हा बदलण्याचा वेग. भौतिकशास्त्राला काळजी असते ती मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीची. मला दहावीला गणितात जेमतेम पास केलं होतं, आणि साठीला आल्यावर एका लिंबाने मला हे शिकवलं.

"कळलं!" मी ओरडले. शब्द त्याला पोचला नसेल, पण सूर पोचला. त्याने लिंबू माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीनंतर ती उतरती रेघ पुन्हा आली. या वेळी मी रडले नाही. फूटपट्टी घेतली आणि रेघेला टेकवली. निशी एकदम सावरून बसला.

सुरुवातीला पट्टी झपकन खाली झुकली. पुढे नेली, तशी कमी झुकली. आणखी पुढे, आणखी कमी. शेवटी जवळजवळ आडवी. रेघ तळापर्यंत गेलीच नव्हती. मध्येच एका तुटक रेषेजवळ जाऊन टेकली होती. ती तुटक रेषा आधी मला दिसलीही नव्हती. म्हणजे हे जे काही होतं ते आधी भराभर उतरत होतं, मग रेंगाळत होतं, आणि एका पातळीला येऊन थांबत होतं. दुःख असं शिस्तीत उतरून आसपासच्या पातळीला येऊन टेकत नाही. मग काय टेकतं?

मी खोलीभर नजर फिरवली. टिपॉयवर चहा होता. साय धरलेला.

पडवीतले रविवार आठवले. तापमापक बुडवून बसलेली ती माणसं, आणि आत भांडी वाजवणारी मी. कढत चहा आधी भरकन निवतो, खोलीच्या हवेजवळ आला की सावकाश, आणि हवेइतका झाला की थांबतो. तुटक रेषा म्हणजे आमची खोली!

मी कप उचलून रेघेच्या शेवटच्या टोकावर ठेवला. निशीने दोन्ही डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला, जणू आठवडाभर दार ठोठावणाऱ्याला आतून कडी काढल्याचा आवाज आला असावा. मी आत जाऊन कढत चहा आणला. त्याने घोट घेतला, खडू उचलला आणि त्या रेघेच्या शेवटापासून सरळ वर एक उभी उडी काढली.

"चहा!" मी फोनवर किंचाळले. "अगं शाल्मली, खचला नव्हता तो! चहा गार मिळत होता!"

पलीकडून हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत ती स्वतःच आली, घाटातल्या नव्या बोगद्यातून, गाडीला आपली आपण चालू देऊन, वाटभर रडत. दारातच म्हणाली, "म्हणजे 'खचलोय' हे बाबाचं नव्हतं."

"नव्हतं."

"मग अभिमान? ते पण यंत्राचंच?"

खोटं बोलायची माझी तयारी होती. एका शब्दाने काम झालं असतं. पण मी इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं वाचली आहेत, आणि आपल्या लेकीच्या बापाचं वाक्य मी बनवून देणं मला जमेना. "मला माहीत नाही गं," मी म्हटलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

सकाळी रुबीनाही आली. मी निशीला भिंतीवरच्या कागदासमोर बसवलं. टोपी कपाटात होती. ठिपके संपत होते तिथून पुढे मी निळ्या खडूने दोन रेघा काढल्या. एक झपकन उंच उडालेली, मग सपाट. तिच्यावर टोपीचं चित्र. दुसरी खालून हळूहळू वर चढणारी, टोपीशिवाय. खडू त्याच्या हातात दिला. रुबीनाने ओढणी मुठीत धरली होती.

निशीने दोन्ही रेघा नीट पाहिल्या. मग "च्!" करून माझी खालची रेघ बोटाने पुसली आणि परत काढली. माझ्यापेक्षा किती तरी चपटी. मी आशेने काढली होती, त्याने खरी काढली. माझं मन खट्टू झालं. त्याने पट्टी मागितली. उंच रेघेच्या सपाट भागावर ठेवली: आडवी. आपल्या चपट्या रेघेवर ठेवली: किंचित, अगदी किंचित, वर कललेली. माझं बोट धरून त्याने त्या कललेल्या पट्टीवरून फिरवलं, शेवटपर्यंत. मग तळहाताने उंच रेघ पुसून टाकली, टोपीसकट.

"नको आहे सरांना," रुबीना म्हणाली. इतकं स्पष्ट 'नाही' आजवर कुणी म्हटलं नसेल.

शाल्मली त्याच्यासमोर खाली बसली. "बाबा," ती एवढंच म्हणाली. निशीने तिच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग कपाटाकडे. टोपी बोलली की ही मुलगी रडते, हे त्याने रोज बघितलं होतं. त्याने पाटी मांडीवर घेतली. तिच्या कपाळाला बोट लावलं, स्वतःच्या छातीला लावलं, आणि हात जमिनीजवळ नेऊन एवढंसं बाळ दाखवलं. तिथून रेघ सुरू केली. बुटकी, खडबडीत, जरा वर, जरा खाली, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटाला एक उंच, सुईसारखा सुळका काढला आणि त्यावर टोपी.

मग तो रेघेखालची जागा भरू लागला. सुळक्याखाली भरायला खडूचा एक ओरखडा पुरला. बुटक्या रेघेखाली तो भरतच राहिला. खडू आडवा धरून घासत, भुकटी पांढऱ्या लेंग्यावर सांडत, खडू संपेपर्यंत. डावा हात दुखला असेल, पण त्याने कोपरा कोपरा भरला.

चौथी गोष्ट मला अजून शिकवायची राहिली होती, म्हणून मी नुसतीच बघत होते. शाल्मली मात्र ती मांडीवर बसून शिकलेली होती.

"साठा," ती म्हणाली. "आई, रेघ किती उंच ते बघायचं नसतं. खाली साठलंय किती ते..." तिने पाटीवर हात ठेवला आणि तळवा पांढरा झाला. मला तिचे शाळेचे डबे, सायकलच्या मागे धावणारा निशी, प्रत्येक गाडी सुटताना खिडकीशी "छत्री घेतलीस ना?" असं सगळं दिसायला लागलं. फार उंच त्यात काहीच नव्हतं.

टोपी आम्ही दवाखान्याला परत केली. शाल्मली आता महिन्यातून दोनदा येते, पाव आणते, आणि बापाजवळ बसून आलेख काढते. कधी कधी दोघं अर्धा तास एकमेकांकडे न बघता बसतात. तिला टोपीतल्या त्या वाक्याची आठवण येते, हे तिने मला सांगितलंय. मलाही ते वाक्य त्याचं असतं तर हवं होतं. भिंतीवरचे ठिपके निशीने काढलेल्या चपट्या रेघेपेक्षाही जरा खालूनच चालतात, आणि काही दिवस तर मला कागदाकडे बघवत नाही.

काल सकाळी मी चहा त्याच्या हाताशी ठेवला आणि शाल्मलीच्या फोनवर बोलत बसले. तिच्या ओव्हनची काहीतरी लांबलचक कथा होती. बोलता बोलता मागून आवाज आला. खरखरीत, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा.

"गार."

मी वळले. निशी कपाकडे बोट दाखवून माझ्याकडे रागाने बघत होता.

"गार!" तो पुन्हा म्हणाला.

मी लगेच चहा गरम करायला गेले नाही. आधी भिंतीपाशी जाऊन ठिपका दिला.